पदराच्या गाठीतल्या बांगड्या

डॉक्टरांनी यांच्या घशाला लाकडी पट्टी टेकवली आणि यांचा जबडा असा काही मिटला की पट्टीचे दोन तुकडे झाले. एक डॉक्टरांच्या हातात राहिला, दुसरा यांच्या दातांत. डॉक्टरांनी आपल्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज एकदम खाली आणून ते म्हणाले, "टिटॅनस है. बहनजी, अब से यहाँ कोई ज़ोर से नहीं बोलेगा."

टिटॅनस म्हणजे आपला धनुर्वात. हा शब्द मी मिरजेला लहानपणी ऐकला होता, तोही दाराआडून. ज्यांना झाला त्यांच्यातलं कोणी परत आल्याचं मात्र कधी ऐकलं नव्हतं.

ही गोष्ट साठ सालच्या जरा आधीची. आता धनुर्वाताचे रोगी तितके दिसत नाहीत म्हणतात, चांगलंच आहे. पण बोलता न येणाऱ्या माणसाच्या उशाशी बसायची पाळी कुणावरही येऊ शकते. माझ्या हातून जी चूक झाली ती तुमच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी लिहिते आहे.

हे हवामान खात्यात होते. बदली होऊन आम्ही जयपूरला आलो त्याला तीन वर्षं झाली होती. बनी पार्कात एका घराचा वरचा मजला आमच्याकडे होता, खाली बर्वे काकू राहायच्या. त्यांचे यजमान बँकेत होते. आमची मिनी पाच वर्षांची. शाळेत हिंदी, घरी मराठी, आणि दोन्हींची खिचडी करून ती आम्हाला वाढायची.

संक्रांतीला अख्खं जयपूर गच्चीवर असतं. दुसऱ्यांचा पतंग कापला की "वो काटा" म्हणून जो गलका होतो, तो स्टेशनापर्यंत ऐकू जातो. यांना पतंगातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण "वाऱ्याचं खातं माझ्याकडे आहे" म्हणत अनवाणी गच्चीवर चढले आणि फुटक्या खोक्याच्या फळीतल्या गंजक्या खिळ्यावर पाय दिला. रक्त फारसं आलं नाही. मी हळद दाबली, वर चिंधी बांधली. "एवढ्याशा खिळ्यानं काय होतंय," हे म्हणाले. मीही तेच म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याच पायात चप्पल घालून हे कचेरीत गेले, आणि जयपूरच्या रस्त्यांवर त्या काळी टांग्याच्या घोड्यांची लीद कुठे नव्हती ते विचारा. हा रोग त्याच मातीत राहतो हे मला डॉक्टरांनी सांगितलं, पण ते नंतर.

नवव्या दिवशी माझ्या हळदीकुंकवातली उरलेली तिळाची वडी यांच्या पुढे धरली तर ती तोंडात जाईना. मी चेष्टा केली, "गोड बोला म्हटलं तर तोंडच उघडेना की!" हेही हसले. नुसते ओठ दोन्ही बाजूंना ताणले गेले, दात दिसले. मी वडी डब्यात ठेवून वळले तरी ते हसू तसंच होतं. सकाळी मान लाकडासारखी झाली, चहा ओठांवरून ओघळला, आणि मिनीला बर्वे काकूंकडे सोपवून आम्ही टांगा करून सरकारी दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेऊन सगळं समजावलं. एक इंजेक्शन देतात, अँटी-टिटॅनस सीरम. घोड्याच्या रक्तापासून केलेलं विषावरचं औषध. ते शरीरातलं मोकळं विष मारतं, पण जे विष नसांना आधीच चिकटलं ते चिकटलं. ते उतरेपर्यंत माणसाला जगवायचं, एवढंच हातात असतं. मधल्या काळात येतात ते स्पॅझम, म्हणजे झटके. सगळे स्नायू एकदम आवळतात आणि माणूस टाचा आणि डोकं टेकून कमानीसारखा वर उचलला जातो. छाती आवळली की श्वास थांबतो. झटका उजेडानं येतो, आवाजानं येतो, हात लावल्यानंही येतो.

"आणि शुद्ध?" मी विचारलं.

"होश पूरा रहता है," डॉक्टर म्हणाले. "दवा से नींद-सी रहेगी. पर सुनते सब हैं."

खोली वॉर्डाच्या अगदी टोकाला होती. खिडकीच्या काचांना लढाईच्या वेळचा काळा कागद चिकटवलेला होता, तो कुणी काढलाच नव्हता. दाराच्या बिजागरांना तेल घातलेलं. यांच्या कानांत कापूस, डोळ्यांवर पट्टी. आत गेलं की दिवस कुठला आणि रात्र कुठली काही कळायचं नाही. थोड्या वेळानं अंधार सरावाचा झाला की पहिल्यांदा यांचे दात दिसायचे. त्या हसण्याला रिसस सार्डोनिकस असं नाव आहे. चेहऱ्याचे स्नायू आवळल्यामुळे आलेलं हसू, त्यात आनंद नसतो. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी मान हलवली. पण तुमचा नवरा अंधारात तासन्‌तास तुमच्याकडे बघून हसतो आहे, आणि त्याचे डोळे तर बांधलेले आहेत, हे बघायला मान हलवून भागत नाही. मला भीती वाटायची. त्यांच्या आजाराची वाटायची तशी त्यांचीही वाटायची, हे आज कबूल करते.

गुलाबबाई नावाची एक आया होती. पायांना फडकी बांधून चालायची. पहिल्याच दिवशी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाईसा, पग धीरे धरजो. सुणै है." म्हणजे पाऊल जपून टाका, ऐकतात ते. ती खोलीत आलेली कळायचीच नाही. कधी पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटून मी वळायची, तर ती असायची. कधी वळायची, तर कुणीच नसायचं.

भिंतीपलीकडच्या खोलीत हाच आजार झालेला एक शेतकरी होता. त्याची बायको व्हरांड्यात बसून असायची. पायांतली चांदीची कडी तिनं चिंध्यांनी गुंडाळली होती. हातांत कोपरापर्यंत लाखेच्या बांगड्या, त्यांचा आवाज होत नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो, बोलायचो नाही. बोलायची सवयच गेली होती.

माझ्या हातांत मात्र काचेच्या होत्या. हिरव्या, संक्रांतीला भरलेल्या, एकेका हातात नऊ. सिस्टरनी पहिल्याच दिवशी काढायला सांगितलं. मी ऐकलं नाही. आमच्याकडे बांगडी फुटली असंसुद्धा म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, आणि ही बाई मला नवरा अंथरुणावर असताना हात मोकळे करायला सांगत होती! मी हट्टानं जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या. तरी उठता-बसता एखादी किणकिण व्हायचीच, आणि पलंगावर यांचा खांदा ताठ व्हायचा.

बाहेर भिंतीवर मोर बसायचे. ते ओरडले की यांची कमान व्हायची आणि मी दातओठ खाऊन त्या मोरांना शिव्या घालायची. स्वतःच्या हातांना घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी तिपाईवरून औषधाची बाटली घसरली. मी झडप घालून ती पकडली. बाटली वाचली, पण पट्टी सुटून नऊच्या नऊ बांगड्या खळकन वाजल्या. हे उचलले गेले ते खाली येईनात. तोंड निळं पडलं. सिस्टर धावल्या, डॉक्टर आले, कापडानं झाकलेल्या टॉर्चच्या उजेडात त्यांनी तिथेच ट्रेकिऑस्टॉमी केली. म्हणजे गळ्याला छेद देऊन त्यात नळी बसवली, श्वास तोंडाऐवजी तिथून चालावा म्हणून. नळीतून वाफेसारखा बारीक फुस्स आवाज यायला लागला तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडले नाहीत. "चूड़ियाँ," एवढंच म्हणाले.

मी मोरीत जाऊन साबणानं एकेक बांगडी उतरवली. एकही फुटू दिली नाही. जोडवी फरशीवर वाजायची, ती काढली. मंगळसूत्र काढलं. सगळं पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारून बांधलं आणि कमरेला खोचलं. त्या दिवसापासून नळी असल्यामुळे तोंडाला फडकं बांधायचं आणि आत जाताना दर वेळी हात-तोंड कार्बोलिक साबणानं धुवायचं. कुंकू दिवसातून पाच वेळा निघून जायचं. तिथे आरसा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मी लावायचं सोडलं.

यांना कुणी काही सांगितलं नाही. सांगणार कसं? बोलायचं नव्हतं ना.

सहाव्या दिवशी सकाळी पलीकडचा शेतकरी गेला. रडण्याचा आवाज आला नाही, नुसती माणसं जड पावलांनी आत गेली आणि बाहेर आली. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या चादरीनं झाकलेला स्ट्रेचर मागच्या दारानं निघाला. ती बाई माझ्याजवळ येऊन थांबली. तिनं माझे मोकळे हात पाहिले, मग स्वतःचे भरलेले, आणि मान खाली घालून त्या स्ट्रेचरच्या मागे निघाली. मला राहवलं नाही. मीही चार पावलं तिच्याबरोबर चालत फाटकाजवळच्या लिंबापर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले.

दुपारी सिस्टर म्हणाल्या, "आज ठीक हैं. घर जाकर चादरें ले आइए, नहा भी लीजिए." सहा दिवसांत पहिल्यांदा मी टांग्यात बसले. उन्हानं डोळे दुखत होते. लोक इतक्या मोठ्यानं का बोलतात, असं वाटत होतं.

घराच्या जिन्याखाली चपलांची रांग होती. बायकांच्या चपला, नीट जोडीजोडीनं लावलेल्या. हळदीकुंकू संपून आठवडा होत आला होता, मग या सगळ्याजणी कशाला आल्या असतील? वर गेले. चटईवर सात-आठजणी बसल्या होत्या, आमच्या ओळखीतल्या सगळ्या मराठी बायका. कुणी बोलत नव्हतं. मी दारात दिसताच सगळ्यांची नजर एकाच वेळी माझ्या हातांकडे गेली आणि खाली वळली.

आतल्या खोलीत यांच्या पलंगाशी जमिनीवर कणकेचा दिवा जळत होता. ज्योत दक्षिणेकडे. खाली पीठ पसरलेलं. मराठी माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. माणूस गेला की असा दिवा लावतात, आणि गेलेला कुठल्या जन्माला गेला ते पिठावरच्या खुणांवरून बघतात.

माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? या बायकांना माझ्याआधी कळलं. मी टांग्यात असताना दवाखान्यातून निरोप आला असणार. मी निघायला नको होतं. मी भिंतीला टेकून खाली बसले, आणि मी बसले तशी बायकांतून हुंदका फुटला. त्यांना माझ्या बसण्यानं खात्री पटली, मला त्यांच्या हुंदक्यानं.

किती वेळ मी तशी विधवा होऊन बसले होते, माहीत नाही. रडू येत नव्हतं. सहा दिवस आवाज न करता राहिलेल्या माणसाला रडायचं म्हटलं तरी जमत नाही.

मग मिनी आली. माझ्या मांडीवर बसून म्हणाली, "आई, काकू म्हणली बाबा देवाघरी गेले. मतलब, संडेला येणार ना?"

बर्वे काकूंनी तिला ओढून घेतलं. मी विचारलं, "काकू, निरोप कधी आला?"

"निरोप कसला गं," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "घोरपडे सकाळी तिकडे गेले होते ना." घोरपडे म्हणजे यांच्या हाताखालचे, रोज कचेरीत जाताना फाटकाशी चौकशी करून जायचे. "फाटकातूनच मागे फिरले बिचारे. तुझ्यासमोर यायचा धीर झाला नाही. आता कचेरीतल्या मंडळींना घेऊन तयारीला लागलेत. तारही करणार आहेत सासऱ्यांना."

"पण त्यांनी पाहिलं काय?"

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की वेड लागलं की काय हिला. "तुलाच पाहिलं की. स्ट्रेचरमागे जाताना. कपाळ उघडं, हात उघडे."

म्हणजे निरोप मीच होते. माझेच हात पाहून त्यांनी दिवा लावला होता, आणि तो दिवा पाहून मी इथे बसले होते.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण आता मला कशाचीच खात्री राहिली नव्हती. काकूंचं चुकलं होतं हे कळत होतं, पण ते खरंही असू शकत होतं. मी निघाल्याला तास होऊन गेला होता, आणि त्या खोलीत तास फार मोठा असतो. एकदा लावलेला हा दिवा विझवायचा नसतो. मी उठताना त्याच्याकडे पाहिलं. पिठावर दोन बारीक खळगे होते, शेजारी शेजारी, दोन बोटं टेकल्यासारखे. मिनीला नंतर विचारलं, तर ती शपथेवर म्हणाली की तिनं हात लावला नव्हता.

"काकू," मी म्हटलं, "तार थांबवा. हे आहेत." आहेत म्हणताना माझी जीभ जड झाली.

टांगेवाल्याला मी घोडा पिटाळायला लावला. दवाखान्याच्या दारात चपला काढल्या, हात-तोंड धुतलं, आत गेले. सिस्टर नव्हत्या, दुसरी नळी उकळायला गेल्या होत्या. गुलाबबाई नव्हती. अंधार स्थिरावायला वेळ लागला. मग दात दिसले. हे हसत होते.

मी ऐकायला लागले. नळीचा फुस्स आवाज येत नव्हता. माझ्याच कानांत इतकं रक्त वाजत होतं की दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. छाती हलते आहे का तेही त्या अंधारात दिसेना. हात लावायची बंदी, उजेडाची बंदी, आवाजाची बंदी. हे जिवंत आहेत की नाहीत हे कळायचा एकच रस्ता होता, आणि जिवंत असतील तर त्यानंच जीव जाऊ शकत होता.

सिस्टर येईपर्यंत थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. हे चूकच होतं आणि तुम्ही कुणी असं करू नका. पण घरी दिवा जळत होता.

मी पदराची गाठ मुठीत घेतली आणि मूठ अगदी हळू, एकदाच दाबली. आत काचेवर काच घासली. किण.

यांच्या उजव्या हाताची दोन बोटं चादरीवरून वर उचलली गेली. खांदा ताठ झाला, मानेची शीर तट्ट फुगली. मी देवाला हात जोडले, आणि काय मागितलं असेल? झटका येऊ दे, मागितलं. नंतर लगेच मागितलं, पुरे, पुरे. अंग अर्धंच उचललं गेलं आणि सैल पडलं. बोटं पुन्हा चादरीवर टेकली. मग नळीतून तो आवाज आला, फुस्स. मी तिथेच फरशीवर बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

त्यानंतर चार आठवडे आम्ही तिथे होतो. झटके विरळ होत गेले. एक दिवस खिडकीच्या कागदाचा कोपरा सोलला, एक दिवस कानांतला कापूस काढला. नळी निघाली, आणि गळ्याचं भोक मिटेपर्यंत हे बोट ठेवून बोलायचे. घोरपडे पेढे घेऊन आले आणि माझ्याकडे न बघता यांच्याशीच बोलत राहिले. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच समजले असते. बर्वे काकूंनी दिवा शांत झाल्यावर ते पीठ कुठे टाकलं ते मी विचारलं नाही.

त्या डॉक्टरांचे, सिस्टरांचे उपकार फिटायचे नाहीत. गुलाबबाईला मी माझं लुगडं दिलं, तिनं ते हळूच घडी घालून, आवाज न करता पिशवीत ठेवलं. त्या शेतकऱ्याच्या बायकोचं नावही मला माहीत नाही. तिची आठवण मात्र रोज येते.

घरी आल्यावर महिन्याभरानं एका संध्याकाळी, मी पुन्हा बांगड्या भरून आले तेव्हा, हे माझ्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुला सांगायचं राहिलं. तिथे मला तुझ्या बांगड्या ऐकू यायच्या. वाजल्या की मी मोडून जायचो. पण वाजल्या की कळायचं, तू आहेस."

मी त्यांच्याजवळ बसले.

"मग एकदम थांबल्या. मी वाट पाहिली. खूप पाहिली. पायांचे आवाज नाहीत, बोलणं नाही, बांगड्या नाहीत. मग माझी खात्री झाली की तू गेलीस. माझा रोग तुला लागला असेल, किंवा काय झालं असेल. मला कुणी सांगत नाही. मिनीचं कसं होणार एवढंच मनात यायचं. पुढेपुढे ते पण येईना. श्वास घ्यायचाच कंटाळा आला. मग एकदा वाजलं. एकच."

ते किती वाजता, कुठल्या दिवशी, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

म्हणून सांगते. ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकू येतं असं समजून वागा. गप्प बसायला सांगितलं तर बसा, पण गप्प होण्याआधी त्याच्या कानाशी एकदा सांगा की मी आता गप्प होते आहे, पण आहे. तेवढ्यानं झटका आला तर येऊ दे, डॉक्टर आहेत तिथे. आणि पायात गंजका खिळा गेला तर हळद दाबून बसू नका, आधी इंजेक्शन घ्या.

अजूनही घरात बराच वेळ माझ्या बांगड्यांचा आवाज आला नाही, की हे हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवतात. हाक मारत नाहीत. मी स्वयंपाकघरातून नुसता हात हलवते. मग पान उलटल्याचं ऐकू येतं.